रेमिंग्टन ११०० : चौथं काडतूस बसेना (प्रकल्प नोंदी)

७ डिसेंबर २०२४

बंदूक रेमिंग्टन ११००, सेमी-ऑटोमॅटिक, १२ गेज (नळीच्या व्यासाचं माप), चेंबर (बॅरलचा मागचा भाग, काडतूस उडतं ती जागा) २¾ इंच. वापरलेली घेतली, ४२५ डॉलर. कारखान्याच्या हिशेबाने मॅगझीनमध्ये (बॅरलखालची काडतुसं साठवणारी ट्यूब) ४ आणि चेंबरमध्ये १ अशी ५ काडतुसं बसायला हवीत. माझ्या बंदुकीच्या मॅगझीनमध्ये २ बसतात. तिसरं दाबलं की भिंतीला लागल्यासारखं थांबतं.

आत्तापर्यंत याचं काही वाटलं नव्हतं. ट्रॅपच्या (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी) मैदानावर एका वेळी एकच काडतूस भरतात, त्याच धर्तीच्या स्कीटला फार तर दोन. पण येत्या फेब्रुवारीत मिझुरीच्या वायव्य कोपऱ्यात स्नो गूज या पांढऱ्या स्थलांतरी हंसांच्या शिकारीला जायचं ठरलंय. एरवी स्थलांतरी पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत एकूण तीनच काडतुसं मावली पाहिजेत, हा अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम. स्नो गूजच्या वसंतातल्या ‘कन्झर्वेशन ऑर्डर’मध्ये मात्र ती अट नाही. या पक्ष्यांची संख्या इतकी वाढली की हडसन बेच्या बाजूचा टुंड्रा त्यांनी मुळासकट उपटून खायला सुरुवात केली. म्हणून १९९९ पासून ही सूट आहे. परमिट वेगळं काढावं लागतं.

इथल्या प्रत्येक राज्याचे काडतुसांच्या संख्येचे कायदे वेगळे आहेत, आपापले बघून घ्या. भारतातल्या वाचकांनी हे नुसतं वाचायला घ्यावं. तिथे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो.

१४ डिसेंबर

खोलली. काडतुसं आधी वरच्या मजल्यावर कपाटात, मग बंदूक तळघरातल्या टेबलावर. हा क्रम पुढच्या सगळ्या नोंदींत गृहीत धरा.

बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे घेतला, पुढची कॅप फिरवून काढली, फोरएन्ड (पुढच्या हाताने धरायचा भाग) पुढे ओढून काढला, बॅरल काढली. ट्यूबवर गॅसची ओ-रिंग, पिस्टन आणि पिस्टनची सील असते. बाराच्या गॅसने पिस्टन मागे जातो, त्या जोरावर बंदूक रिकामं टरफल फेकून पुढचं काडतूस घेते. काढताना ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने फडक्यावर मांडली आणि फोटो काढला. ट्यूबच्या तोंडाशी स्प्रिंग अडवणारी छोटी वाटी घट्ट बसवलेली असते. ती स्क्रूड्रायव्हरने हळूहळू उचकटायची आणि अंगठा तिच्यावरून अजिबात काढायचा नाही. चष्मा घाला. स्प्रिंग किती जोरात येते याची कल्पना हातात आल्याशिवाय होत नाही.

स्प्रिंगच्या आत लाकडी दांडी निघाली, १५० मिमी. शिकारीच्या नियमासाठी आधीच्या मालकाने घातलेला प्लग. झाडूच्या दांड्यातून कापलेला असावा, एका टोकाला हिरवा रंग अजून शिल्लक आहे.

प्लग बाजूला ठेवून परत जोडली. प्लॅस्टिकची डमी काडतुसं घालून पाहिली, चार बसली. प्रश्न मिटला असं वाटलं आणि शनिवार संध्याकाळ मोकळी मिळाली.

२२ डिसेंबर

मिटलेला नाही. मैदानावर खरी काडतुसं भरली तर तीनच गेली. चौथं जेमतेम दोन तृतीयांश आत जातं आणि तिथेच स्प्रिंग घट्ट होते. जोर लावून दाबलं, अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलं. शेजारच्या पट्टीवरचे आजोबा म्हणाले, ‘‘जोर लावून जे बसतं ते जोर लावल्याशिवाय निघत नाही.’’ मग थांबलो.

घरी चार आणि मैदानावर तीन, हे कोडं व्हर्नियरने मिनिटभरात सुटलं. माझी डमी ५४ मिमी लांब आहेत आणि मैदानावरची खरी काडतुसं ६०. डमी बनवणाऱ्याचं लक्ष चेंबरमध्ये नीट बसण्याकडे आणि घोड्याच्या पिनेला उशी मिळण्याकडे असतं. एकूण लांबी हुबेहूब ठेवायचं बंधन त्याच्यावर नाही. चार डमींमागे २४ मिमीचा फरक पडतो.

नव्यांसाठी एक खुलासा. डब्यावर २¾ इंच म्हणजे ७० मिमी लिहिलेलं असतं. ती बार उडाल्यावर पाकळ्या उलगडलेल्या टरफलाची लांबी. भरलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे बरंच आखूड असतं. मॅगझीनचा हिशेब नेहमी भरलेल्या काडतुसाच्या लांबीवर करायचा, डब्यावरच्या आकड्यावर नाही.

२८ डिसेंबर

आता अंदाज पुरे. सगळं मोजलं.

ट्यूबमधली वापरायची जागा, म्हणजे पुढच्या वाटीपासून मागे काडतूस अडवणाऱ्या लॅचपर्यंत, ३०० मिमी. दट्ट्या (काडतुसांना मागे ढकलणारा तुकडा) त्यातली १२ मिमी खातो. मग राहते स्प्रिंग. पूर्ण दाबलेल्या स्प्रिंगची जाडी म्हणजे वेढे गुणिले तारेची जाडी. तार १.४ मिमी. वेढे मोजले तर ५०. म्हणजे ७० मिमी नुसतं लोखंड.

३०० वजा १२ वजा ७० म्हणजे २१८. चार डमींना २१६ लागतात, म्हणून ती कशीबशी बसली. चार खऱ्या काडतुसांना २४० लागतात, ती बसणार कुठून?

या लांबीच्या ट्यूबला एवढी स्प्रिंग लागत नाही. लांब मॅगझीनसाठी मिळणारी स्प्रिंग आधीच्या मालकाने न कापता आत कोंबलेली दिसते. का, हे आज कळत नाही. नेहमीच्या मापाची स्प्रिंग मागवली, ११ डॉलर. सोबत नारिंगी प्लॅस्टिकचा दट्ट्या, १४ डॉलर. जुना काळा आहे आणि आत बघताना तो आहे की अंधार, ते समजत नाही. पोस्टेज ९. सुटे भाग स्वस्त असतात, ते दारापर्यंत आणणं महाग.

५ जानेवारी २०२५

कालपासून कॅन्सस सिटीत बर्फाचं वादळ, रस्ते बंद. पार्सल आधीच येऊन पडलं होतं म्हणून बरं.

नवी स्प्रिंग ३० वेढ्यांची, दाबून ४२ मिमी. नारिंगी दट्ट्याही मापाला काळ्याइतकाच, १२. आता जागा २४६. खऱ्या काडतुसांच्या लांबीची डमी हवी होती म्हणून उडवलेली टरफलं घेतली, आत लाकडाचा तुकडा घातला आणि तोंड कापून ६० मिमीला आणलं. दारू नाही, छर्रे नाहीत, टोपी आधीच फुटलेली. वर लाल रंगाने फुली मारली. ही फुली टाळू नका. घरात खऱ्या काडतुसासारखी दिसणारी वस्तू असेल तर ती पहिल्या नजरेत खोटी वाटली पाहिजे.

चार आत गेली. चौथ्याला लॅचचा टक् आवाज स्वच्छ आला.

मग बोल्ट मागेपुढे करून रिकामी करायला घेतली. एक, दोन, तीन बाहेर. चौथ्या वेळी काहीच आलं नाही. पुन्हा बोल्ट ओढला, काही नाही. खालून पाहिलं तर कॅरिअर (काडतूस चेंबरकडे उचलणारा भाग) रिकामा, चेंबर रिकामं. कुणीही ‘बंदूक रिकामी’ असंच म्हणालं असतं.

मॅगझीनच्या तोंडाशी टॉर्च मारला. लाल फुलीचं टरफल आतच होतं, तोंडापासून थोडंसं आत, सैल. बॅरल जरा जमिनीकडे झुकलेली असल्यामुळे ते पुढे सरकून बसलं होतं. बॅरलचं तोंड छताकडे केलं तेव्हा ते घरंगळत हळूच कॅरिअरवर आलं. त्याच्यामागे दट्ट्या यायला हवा होता, तो आलाच नाही. मध्येच अडकला होता.

डमी होती म्हणून आज मी हे नोंदीत लिहितोय. काडतूस आत बसत नाही हा त्रास झाला, पण आत गेलेलं बाहेर येत नाही हा सरळ धोका. तेव्हापासून बंदूक रिकामी आहे का हे बघताना मी करंगळी मॅगझीनमध्ये घालून दट्ट्याला टेकवतो. नारिंगी रंग दिसला पाहिजे आणि बोटाला स्प्रिंगचा दाब लागला पाहिजे. या १४ डॉलरचं सार्थक झालं.

रात्री पुन्हा खोलली. ट्यूबच्या आत उजेड टाकून एका डोळ्याने पाहिलं. मागच्या तोंडापासून साधारण ७० मिमीवर एका बाजूला पोचा आहे. बाहेरून तो अॅक्शनच्या सरकत्या बाहीखाली झाकला जातो, म्हणून पहिल्या दिवशी दिसला नाही. पोच्याभोवती गंजाचा पट्टा. दट्ट्याची कड तिथेच धरते.

आणि ती लांब स्प्रिंग कशासाठी होती, तेही आत्ता कळलं. आधीच्या मालकाचा दट्ट्या तिथेच अडत असणार. पोचा काढण्याऐवजी त्याने तगडी स्प्रिंग घातली. ती दट्ट्याला पोच्यावरून रेटून नेते, बंदूक चालते. त्यापायी चौथ्या काडतुसाची जागा गेली. पण प्लग असल्यामुळे त्याला तसंही दोनच भरायची होती, त्याचं काहीच अडलं नाही. त्याच्यापुरता त्याचा इलाज बरोबर होता. मी प्लग काढला, मग स्प्रिंग बदलली आणि प्रत्येक वेळी त्याच्या खालचा रोग उघडा पडत गेला.

११ जानेवारी

पोचा घरी काढायचा नाही असं ठरवलं. ११०० ची मॅगझीन ट्यूब रिसीव्हरला (बंदुकीचा मधला सांगाडा) पक्की जोडलेली असते, फिरवून निघत नाही. चुकीचा ठोका बसला तर अख्खा रिसीव्हर गेला. शिवाय या बंदुकीत ट्यूबचा बाहेरचा पृष्ठभागही कामाचा आहे, गॅसचा पिस्टन त्याच्यावरूनच धावतो. आतून फुगवताना बाहेर उंचवटा आला तर पिस्टन घासणार.

गावाबाहेर एक म्हातारे गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारे कारागीर) आहेत. त्यांनी ट्यूबमध्ये बोट घालून फिरवलं आणि टॉर्च न लावता पोच्यावर बोट थांबवलं. मी स्प्रिंगच्या वेढ्यांचा हिशेब कागदावर नेला होता. तो त्यांनी मन लावून वाचला, मग विचारलं, ‘‘इतकं मोजलंस, मग पहिल्याच दिवशी आत उजेड का नाही मारलास?’’ यावर काय बोलणार.

४५ डॉलर, दोन आठवडे.

२५ जानेवारी

बंदूक परत आली. निमुळत्या तोंडाचा पितळी गोळा तेलात बुडवून पुढच्या बाजूने हलके ठोके देत पोच्यापर्यंत न्यायचा, मग किंचित मोठा, मग त्याहून मोठा, असं केलं म्हणाले. बोट फिरवलं तर जागा अजून जाणवते, पण दट्ट्या अडत नाही. बाहेरच्या बाजूला पॉलिश पेपर लावू नकोस, अशी तंबी मिळाली.

गंज मी घरी काढला. मॅगझीन ट्यूब बॅरलपेक्षा रुंद असते, त्यामुळे १२ गेजचा ब्रश आत नुसता डुलतो. १० गेजचा ब्रश घेतला (६ डॉलर), त्याला बारीक स्टील वूल गुंडाळलं आणि सॉल्व्हंट लावून ड्रिलवर अगदी मंद फिरवला. पहिल्या फडक्यावर निघालेला माल विटकरी-काळा आणि चिकट. जुनं तेल वाळून लाखेसारखं झालेलं. पाचव्या-सहाव्या फडक्यानंतर करडं पाणी.

आत ग्रीस लावायचं नाही. थंडीत ते घट्ट होतं आणि शेतातली माती धरून ठेवतं. तेलाचं फडकं फिरवायचं, मग कोरडं फडकं. बोटाला ओशट लागलं नाही म्हणजे झालं.

आता चारही टरफलं आत जातात आणि चारही बाहेर येतात. बॅरल वर, खाली, आडवी, बाजूवर, सगळ्या अंगांनी करून पाहिलं. तळघरातून इतका वेळ खटखट ऐकून बायको खाली आली. ‘‘झालं का?’’ ‘‘झालं.’’ ‘‘मग वाजवतोयस कशाला?’’

१ फेब्रुवारी

पाणपक्ष्यांसाठी अमेरिकेत शिसं चालत नाही. १९९१ पासून देशभर बंदी आहे, म्हणून स्टीलचे छर्रे. बाजारात स्टीलची काडतुसं बहुतेक ३ इंची. ती माझ्या २¾ च्या चेंबरमध्ये आत सरकतात, हाच मोठा फसवा प्रकार. भरलेलं काडतूस आखूड असल्यामुळे आत जातं, पण उडताना पाकळ्या उलगडायला पुढे जागा नसते आणि दाब नको तितका चढतो. बॅरलवर जी लांबी कोरलेली असेल तीच पाळायची.

२¾ ची स्टील काडतुसं तीन बनावटींची मिळाली. एकूण ६३ डॉलर. मोजली तर भरलेली लांबी ५९, ६० आणि ६२.

६२ वाली चार म्हणजे २४८. माझ्याकडे जागा २४६. चौथं आत जातं, पण लॅच पकडत नाही. अंगठा काढला की मागे उडी मारून कॅरिअरवर येतं आणि सगळं अडकवून ठेवतं. दोन मिलिमीटरसाठी!

स्प्रिंगचे दोन वेढे कापले तर २.८ मिमी मिळतात, काडतूस बसेल. पक्कड हातात घेतलीही होती. मग ठेवून दिली. एक तर ०.८ मिमीच्या सैलपणावर चाललेली वस्तू वाळूचा एक कण गेला की बंद पडते. दुसरं म्हणजे स्प्रिंग जितकी आखूड, तितका शेवटच्या काडतुसामागचा रेटा कमी. चौथं आत बसवण्यासाठी कापलेली स्प्रिंग गारठ्यात पहिल्या भरलेल्या काडतुसाला दगा देते, कारण तेच सर्वांत शेवटी बाहेर येतं. ६२ वाली बनावट चांगली आहे, फक्त माझ्या ट्यूबसाठी नाही. तो डबा पंप-अॅक्शनवाल्या नागपूरकर मित्राला दिला. त्याने बदल्यात घरचा सावजी मसाला दिला, सौदा मला फायद्याचा पडला.

१६ फेब्रुवारी

गोठवणारी थंडी, मैदानावर आम्ही दोघंच. ६० वाली काडतुसं, चार अधिक एक. पहिल्या फेरीत पाचही उडाली. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या बाराला रिकामं टरफल बाहेर न पडता दारातच चिमटलं. क्षणभर पोटात गोळा आला, पुन्हा मॅगझीन?

नव्हतं. मॅगझीनचा दोष असेल तर नवं काडतूस येत नाही. इथे जुनं जात नव्हतं, म्हणजे गॅस कमी. बॅरल काढली तर ओ-रिंगला चीर. ११०० मध्ये हा रबरी भाग झिजणाराच आहे आणि इतक्या वेळा बॅरल काढघाल केल्यावर त्याने मान टाकली. दोनची जोडी ५ डॉलरला मिळाली. थंडीत बसवताना रिंग आधी खिशात ठेवून ऊबदार करा, नाहीतर ताणताना तुटते. कसं कळलं ते विचारू नका, आता जोडीतली एकच उरली आहे, ती बंदुकीत.

१ मार्च

मिझुरीतलं माउंड सिटी, लोस ब्लफ्स अभयारण्याच्या परिसरातलं शेत. अभयारण्याच्या आत नाही, बाहेर, शेतकऱ्याच्या परवानगीने. पहाटे चिखलात आडवे पडलो. उजाडताना थवे उठले तेव्हा शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, इतका कलकलाट.

मॅगझीनने एकदाही त्रास दिला नाही. सगळी काडतुसं ज्या क्रमाने हवीत त्या क्रमाने आली. पण ज्यांना हे काम करायचंय त्यांना एक सांगून ठेवतो : चौथं-पाचवं काडतूस मी बहुतेक वेळा वापरलंच नाही. तिसऱ्या बारापर्यंत पक्षी वळून उंच गेलेला असतो आणि स्टीलचे छर्रे लांबवर ताकद धरत नाहीत. तिथून पुढे उडवायचं म्हणजे पक्षी जखमी करून सोडायचा. उपयोग झाला तो दोनदा, खाली पडलेला जखमी पक्षी तिथल्या तिथे संपवायला. पुन्हा भरत बसावं लागलं नाही. सुटे भाग, गनस्मिथ आणि ब्रश मिळून ९० डॉलर गेले, काडतुसं वेगळी. तेवढ्यासाठी एवढं केलं असतं का? पोचा काढायलाच हवा होता, म्हणून हो.

चिखल मात्र आत गेला. घरी ट्यूबमधून गव्हाची दोन पाती निघाली.

८ मार्च

प्लग नवा बनवला. झाडूचा दांडा फेकला. सप्टेंबरच्या टील बदकांपासून पुन्हा तीन काडतुसांचा नियम लागू होतो. नियमात प्लग एकसंध असावा आणि बंदूक खोलल्याशिवाय निघू नये, असं आहे. १५० मिमीच्या दांडीने दोन काडतुसांमागे १८ मिमी मोकळी राहत होती. नवी नायलॉनची दांडी १६० ला कापली. ६० वाली दोन बसतात, तिसरं शिरत नाही. वॉर्डन तपासताना तेच करून बघतो, म्हणून मीही खरं काडतूस घेऊन मैदानावरच तपासलं, तळघरात डमीवर नाही. कापलेल्या टोकांवर पॉलिश पेपर मारा, नाहीतर स्प्रिंग धारेत अडकते.

३० वेढ्यांची स्प्रिंग तीच ठेवली आहे. ५० वेढ्यांची कचऱ्यात टाकण्याआधी दोन तुकडे केले, कुणी उचलून पुन्हा कुठल्या बंदुकीत कोंबू नये म्हणून.